साठी, बुद्धी आणि कान

पुढे जायच्या आधी एक छोटं काम करा. मोबाईलची आवाजाची पट्टी कुठपर्यंत गेलीय ते बघा. निम्म्याच्या बरीच वर असेल तर थोडी खाली आणा. कशासाठी, ते पुढे येईलच. जे ऐकत नाहीत, ब्लॉगवर वाचतायत, त्यांना आजच्यापुरती सूट.

आजचा विषय म्हणजे वय वाढतं तसा मेंदू धड कसा ठेवायचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज असतात. आजी विसरायला लागलीय, कोणतं ॲप देऊ? बदाम खाऊ घालू का? सुडोकू शिकवू का? मी डॉक्टर नाही, बीटेक झालेला साधा सॉफ्टवेअरवाला आहे. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम घरून चालतं, म्हणून वर्षातले तीन-चार महिने सेनगावातच असतो. इथं लाईट गेली की मीटिंग जाते, पण घरातली माणसं डोळ्यासमोर असतात. आजचा विषय त्यातूनच निघाला.

आपल्याकडं एक म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. माझा या म्हणीवर राग आहे. ती खोटी आहे म्हणून नव्हे, ती फार लवकर वापरली जाते म्हणून. म्हातारं माणूस एखादं उत्तर चुकलं की आपण लगेच म्हणतो, आता वय झालं, चालायचंच. तिथं तपास संपतो. सॉफ्टवेअरमध्ये असं केलं तर नोकरी जाईल. सिस्टीमनं चुकीचं आउटपुट दिलं तर आधी बघायचं असतं की इनपुट बरोबर गेलं होतं का.

माझे आबा, म्हणजे आजोबा, ऐंशी पार केलेले. हिंगोलीच्या मोंढ्यात एका आडत दुकानात त्यांनी तीसेक वर्षं मुनीमकी केली. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळी पाठ. कॅल्क्युलेटर निघायच्या आत पट्टी तयार. तर गेल्या दोन-तीन वर्षांत घरात कुजबुज सुरू झाली की आबांचं काही खरं नाही. आई विचारायची, "मामंजी, भात वाढू का?" आणि आबा म्हणायचे, "धुतले की मघाशीच." काका सांगायचे, सोयाबीनवाला सात तारखेला येणार, आणि आबा आठ तारखेला ओट्यावर जाऊन बसायचे. हळूहळू माणसं त्यांना विचारायचीच बंद झाली. व्यवहाराचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून व्हायला लागलं. आबांनीही बोलणं कमी केलं. आधी पारावर जाणं सुटलं, मग भजनाला जाणं सुटलं. टीव्हीसमोर बसायचे आणि टीव्हीचा आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू जायचा.

आता त्या उत्तराकडं नीट बघा. भात वाढू का, धुतले. हे उत्तर वेडंवाकडं नाही, एकदम बरोबर आहे. फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचं आहे. त्यांना "भात"च्या जागी "हात" ऐकू आलं होतं. सात-आठचंही तेच.

जिल्ह्याच्या ठिकाणी कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. एका कानात मळ घट्ट बसलेला होता, तो काढला. मग एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. त्याचा आलेख निघतो. डावीकडं जाडे, ढोबळ आवाज, उजवीकडं बारीक, टोकदार आवाज. आबांची रेघ डावीकडं ठीकठाक होती आणि उजवीकडं घाट उतरावा तशी खाली गेली होती. दोन्ही कानांत.

वयानं कान जातो तो बहुतेकांचा असाच जातो, म्हणून हे जरा सावकाश सांगतो. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो आणि त्यात अतिशय सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाची थरथर त्या पकडतात आणि मेंदूकडं पाठवतात. माणसामध्ये या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक आवाज पकडतात आणि बहुतेक वेळा आधी त्याच जातात. आता बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर ढोबळ आणि दणदणीत असतात, पण स, श, फ, त, ट ही व्यंजनं बारीक आणि हलकी. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. सात, हात, भात, खात या सगळ्यांतून एकच "आ" पोचतो आणि बाकीचं मेंदूला अंदाजानं भरावं लागतं. ऑटोकरेक्टसारखं. मग कधीकधी चुकतं.

ओरडून फार फायदा का होत नाही, तेही यातच आलं. ओरडताना आपण स्वर मोठा करतो. "भाऽऽत!" असं ओरडलं तर "आ" आणखी मोठा होतो, "भ" तिथंच राहतो. वर आजोबांना वाटतं, हे चिडलेत. त्यापेक्षा समोर या, तोंड उजेडात ठेवा, टीव्ही बंद करा, थोडं सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नका, शब्द बदला. "भात वाढू का" नाही कळलं तर "अजून जेवायला घालू का" म्हणा.

मग कान आणि मेंदू यांचा संबंध काय? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, तज्ज्ञांचा एक आयोग नेमला आहे. त्याच्या २०२४च्या अहवालात अशा १४ गोष्टी दिल्यात ज्या बदलता येतात. त्या सगळ्या पूर्ण काढून टाकता आल्या तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशोब आहे. उरलेल्या ५५ टक्क्यांवर, म्हणजे वय आणि जनुकं वगैरेंवर, आज आपला हात चालत नाही. या १४ मध्ये सगळ्यात मोठा वाटा दोघांचा आहे. एक वाईट कोलेस्टेरॉल आणि दुसरं कमी ऐकू येणं, दोघांचेही सात-सात टक्के. यादीत बाकी बीपी, शुगर, सिगारेट, दारू, लठ्ठपणा, बसून राहणं, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, प्रदूषण, कमी दिसणं आणि लहानपणी शिक्षण न मिळणं आहे. सुडोकू नाही. बदामही नाहीत.

आता यावरून "मशीन लावलं की स्मृतिभ्रंश होत नाही" असा फॉरवर्ड करू नका. यावर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०२३ला आले. ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं घेतली. निम्म्यांना श्रवणयंत्र आणि ते वापरायचं शिक्षण दिलं, निम्म्यांना आरोग्याची सर्वसाधारण माहिती. तीन वर्षांनी बघितलं तर सगळे मिळून फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, वय जास्त, हृदयाचे वगैरे त्रास जास्त, त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे सगळ्यांना सारखं लागू नाही, पण ज्यांची गरज मोठी त्यांना लागू दिसतंय. मला तर हा निकाल जास्त विश्वासाचा वाटतो. सगळ्यांना सगळं लागू पडतं असं सांगणारा माणूस सहसा काहीतरी विकत असतो.

कारण काय असावं? एक अंदाज असा की ऐकण्यातली गाळलेली जागा भरण्यातच मेंदूची सगळी शक्ती जाते, लक्षात ठेवायला उरत नाही. दुसरा असा की आत येणारा मालच कमी झाला तर ते कामाचे भाग मंदावतात. आणि तिसरा आम्ही घरात डोळ्यांनी बघितला. माणूस बोलण्यातून बाहेर पडतो.

आबांची दुसरी एक बाजू सांगतो, कारण तिथं आपल्या भागाची एक मोठी गोष्ट दडलीय. मोंढ्यात आबा शेतकऱ्याशी मराठी बोलायचे, तांड्यावरून आलेल्यांशी गोरमाटी आणि व्यापाऱ्यांशी आपली हैदराबादी वळणाची हिंदी, नक्को आणि हौवाली. एकाच सौद्यात तीन भाषा. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, सरकारी कारभार उर्दूत चालायचा. त्या पिढीतली कितीतरी शिकलेली माणसं घरी मराठी बोलायची आणि शाळेत, कचेरीत उर्दू लिहायची. आबांना उर्दू वाचता येत नाही, पण त्यांच्या वडिलांना यायची.

तर त्याच हैदराबादेत, निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये, डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. २०१३ला तो प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी घेतल्या. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग असा, की कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक होता. म्हणजे हा नुसता शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही. बाजारात, शेजारात उचललेली भाषाही कामाला येते. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत असं दिसलं नाही, वाद अजून चालू आहे. पण हा अभ्यास आपल्यासारख्या, तीन-तीन भाषा सहज मिसळणाऱ्या माणसांवर झालाय, म्हणून मी त्याला जरा जास्त वजन देतो.

यामागची कल्पना अशी. समजा कयाधूला पूर आला आणि पूल पाण्याखाली गेला. ज्या गावाला एकच रस्ता आहे ते तुटलं. ज्याला शेताशेतातून दोन-तीन वाटा आहेत ते वळसा घालून पोचतं. पूर दोघांनाही सारखाच आला. मेंदूतही वयानं काही रस्ते खराब होतात, पण आयुष्यभर वेगवेगळी कामं केलेल्या मेंदूकडं वळशाच्या वाटा जास्त असतात. शास्त्रज्ञ याला मेंदूची राखीव शक्ती म्हणतात. ही शक्ती भाषेतून येते, हिशोबातून येते, हस्तकलेतून येते, भजनातल्या पाठांतरातूनही येत असावी. नर्सी नामदेवला एकादशीला या आणि बघा, अक्षरओळख नसलेल्या आज्या पुस्तक न उघडता एकामागून एक अभंग म्हणतात, वर टाळही चुकत नाही.

पण त्याच आज्यांच्या बाबतीत एक कडू गोष्ट आहे. भारतात साठीच्या वरच्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यातून २०२३ला आलेला अंदाज असा की यातल्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. आपल्या आज्यांना शाळेतून कधी काढलं, का काढलं, हे ज्याच्या त्याच्या घरी माहीत आहे. १४ गोष्टींच्या यादीत शिक्षण उगीच नाही. तुमच्या घरात आज कुणी म्हणत असेल की पोरीला दहावीनंतर कशाला शिकवायचं, तर त्याला हे सांगा.

आता ॲपबद्दल, कारण तो माझा धंदा आहे. लुमॉसिटी नावाचं मेंदूच्या खेळांचं ॲप फार गाजलं होतं. हे खेळलं की विसरभोळेपणा, स्मृतिभ्रंश लांब राहतो अशी जाहिरात. जानेवारी २०१६मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यांना पकडलं की तुमच्याकडं याचा पुरावा नाही, आणि कंपनीनं २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. असे खेळ खेळून माणूस मुख्यतः त्या खेळात पटाईत होतो. खेळू नका असं नाही, मजा येत असेल तर खेळा. पण स्ट्रीक तुटू नये म्हणून येणारी ती नोटिफिकेशन मेंदूच्या काळजीनं येत नाही, हे मी आतल्या गोटातला म्हणून सांगतो.

आणि हळद. आपण हिंगोली जिल्ह्यातले, हळदीवर आपलं पोट. तरी सांगावंच लागेल. हळदीतला कर्क्युमिन मेंदूला चांगला, असे मेसेज फिरतात. अडचण अशी की हळदीत तो असतो थोडा, आणि खाल्लेल्यातला रक्तात पोचतो त्याहून थोडा. भाजीत घाला, दुधात घाला, भाव चांगला यावा म्हणून प्रार्थना करा. औषध म्हणून तिच्या भरवशावर बसू नका.

ज्याचा पुरावा बरा आहे ते अगदीच बेचव आहे. चालणं, आणि बीपी ताब्यात ठेवणं. २०११मध्ये एक अभ्यास आला होता, १२० ज्येष्ठ माणसांचा. निम्मे वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालले, निम्म्यांनी नुसते ताण देण्याचे व्यायाम केले. आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूचा एक भाग आहे, हिप्पोकॅम्पस. चालणाऱ्यांमध्ये तो सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात घटला. अभ्यास छोटा आहे, पण चालायला पैसे लागत नाहीत. बीपी-शुगरची तपासणी तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तेव्हा त्यांना दारातून परत पाठवू नका. बीपीचं नुकसान चाळिशीपासून साठत जातं आणि सत्तरीत दिसतं.

आणि हेल्मेट, मित्रांनो. डोक्याला मार हे त्या यादीतलं एक कारण आहे. हिंगोली-रिसोड रस्त्यावर संध्याकाळी मी बघतो, हेल्मेट आरशाला लटकवलेलं असतं, डोकं मोकळं. बदामाची गोष्ट त्यानंतर करू.

आता आवाजाच्या पट्टीकडं येतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की जगातल्या एक अब्जाहून जास्त तरुणांचे कान मोठ्या आवाजात ऐकण्यामुळं धोक्यात आहेत. त्यांची मर्यादा अशी. ८० डेसिबल आवाज असेल तर आठवड्याला ४० तास चालतील. आवाज ९० केला तर फक्त चार तास. फरक दहाचाच दिसतो, पण डेसिबलचं गणित गुणाकाराचं आहे, दहा वाढले की ऊर्जा दहापट. मोबाईल मध्येच इशारा देतो, आवाज फार आहे, आणि आपण न वाचता ओके दाबतो. बसमध्ये इंजिनाच्या आवाजावर मात करायला पट्टी शेवटपर्यंत नेतो, तो तर सगळ्यात वाईट प्रकार. आणि वरातीतला डीजे. त्याच्या भिंतीसमोर नाचून घरी आल्यावर कानात रात्रभर शिटी वाजते ना, ती त्या पंधरा हजार पेशींची तक्रार आहे. बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबते. दर वेळी सगळ्या पेशी सावरतीलच असं नाही.

घरी काय करायचं, तर आजी-आजोबा विसरतात असं वाटलं की आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. डॉक्टरांना बी-१२, थायरॉईड, गोळ्यांचे दुष्परिणाम आणि मन उदास आहे का, हेही विचारा. यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं एक, आणि रोजच्या वाटेवरून घर न सापडणं, पैशाचा व्यवहार अचानक न जमणं, हे दुसरं. दुसरं दिसलं तर कानावर ढकलू नका, मेंदूच्या डॉक्टरांकडं न्या.

श्रवणयंत्र महाग असतं, हे खरं आहे. हजारांपासून लाखापर्यंत जातं. दोन योजना माहीत असू द्या. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना, २०१७पासूनची, तिच्या शिबिरात गरीब ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र मोफत मिळतं. आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना, २०२४मध्ये आलेली. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर अशी साधनं घ्यायला खात्यात एकदा तीन हजार रुपये येतात. तीन हजारांत चांगलं यंत्र येत नाही, पण हातभार लागतो. अर्ज सध्या चालू आहेत का, ते समाज कल्याणच्या कार्यालयात विचारा. ऑनलाईन दोन-तीनशे रुपयांत मिळतं ते "कानाचं मशीन" मात्र घेऊ नका. आमच्या शेजाऱ्यांनी मागवलं होतं. ते सगळेच आवाज सारखे मोठे करतं, फॅनचाही आणि भांड्यांचाही. त्यांच्या आजीनं दोन दिवसांत ते डब्यात टाकलं.

चांगलं यंत्रही पहिल्या दिवसापासून बसत नाही. आबांनी पहिल्या आठवड्यात तीनदा काढून ठेवलं. म्हणाले, पंखा इतका ओरडतो हे माहीत नव्हतं, आणि सुनबाई भांडी आपटते. मेंदूला कित्येक वर्षांनी ते आवाज परत मिळत असतात, सवय व्हायला महिना-दोन महिने जातात. सुरुवातीला दिवसातून दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना. मग हळूहळू वाढवायचं. नव्या नव्या यंत्राला घेऊन लग्नात जाऊ नका.

आबांची नावं अजून अडकतात. नातवंडांची हाक मारताना तीन चुकीची नावं घेऊन मग बरोबर नावावर येतात. बीपीची गोळी चालू आहे. पण गुरुवारच्या भजनाला परत जायला लागलेत, आणि मागच्या आठवड्यात काकांनी हळदीच्या पट्टीचा हिशोब मोबाईलवर करून दाखवला, तर आबांनी तोंडी करून त्यात हमालीचे पैसे दोनदा धरलेत हे दाखवून दिलं. काका दिवसभर गप्प होते.

एक शेवटची बारकी गोष्ट, कारण ती कुणी सांगत नाही. बिनचार्जिंगच्या यंत्राला बटणासारखे छोटे सेल लागतात आणि ते आठवडा-दोन आठवड्यांत संपतात. त्यांच्यावर रंगीत चिकटपट्टी असते, ती काढली की आत हवा जाते आणि सेल सुरू होतो. म्हणून आधीच काढून ठेवू नका. यंत्र घेतानाच दोन-तीन पाकिटं जास्तीची घ्या, आणि घरात लहान पोर असेल तर त्याच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. गिळलं तर थेट दवाखान्यात पळा. तुमच्या घरी यंत्र वापरणारं कुणी असेल तर त्यांनी ते कसं अंगवळणी पाडलं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो.